परक्यांनीं शिकलेली मराठी

परकी भाषा शिकण्यांतील गोडी आणि गमती या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी सूचना आल्यावर प्रथम मी बराच संकोचलों. मी कोणी बहुभाषापंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पुढें सारा जन्म मुलांना मराठी व्याकरण शिकविण्यांत घालविलेला एक साधा शाळामास्तर आहें. परंतु या विषयाशीं निगडित असें एक जुनें ऋण माझ्या मनावर आहे. तें आज बोलून दाखवावें आणि त्याच्या निमित्तानें इतिहासांतील कांहीं थोर विद्यार्थ्यांची ओळख करून द्यावी, एवढाच माझा हेतु आहे.

सोलापुरांत मराठी, कानडी आणि तेलुगु या भाषा एकाच गल्लींत नांदतात. मागावर काम करणारीं कित्येक कुटुंबें मूळचीं तेलंगणांतलीं. त्यांच्या घरांत तेलुगु आणि बाजारांत मराठी चालते. अशाच एका घरचा मुलगा माझ्या वर्गांत होता. गणितांत हुशार, अक्षर मोत्यासारखें. पण तो मराठी बोलूं लागला कीं वर्गांत हंशा पिके. "आईनें भाकरी केला", "मीं दूध सांडली", असें तो बोले. एके दिवशीं मीं त्याला लिंगविचाराचा पाठ शंभर वेळां लिहून आणावयास सांगितला. तेव्हां तो उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, भाकरी ही बाई आणि लाडू हा पुरुष, हें तुम्हांला कोणीं सांगितलें?"

वर्ग खदखदून हंसला. मला तो उद्धटपणा वाटला. उत्तर मजपाशीं नव्हतें. छडी मात्र होती. ती मीं वापरली.

ही गोष्ट मी विसरूनहि गेलों होतों. पुढें सेवानिवृत्त झाल्यावर वेळ जाईना, म्हणून जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मिळालेल्या एका प्राथमिक पुस्तकावरून जर्मन भाषा शिकण्याचा मीं उपक्रम आरंभिला. तिसऱ्याच धड्याला मी अडखळलों. मराठीप्रमाणें जर्मन भाषेंतहि लिंगें तीन. डेर, डी आणि दास हे त्यांचे चोपदार. पण त्या भाषेंत जेवणाच्या मेजावरचा चमचा पुल्लिंगी, कांटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी! सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि मुलगी या अर्थाचा रोजच्या वापरांतला शब्द चक्क नपुंसकलिंगी! मीं पुस्तक मिटलें आणि आपल्याशींच म्हणालों, 'हें यांना कोणीं सांगितलें?' आणि त्याच क्षणीं कित्येक वर्षांपूर्वींचा तो मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. या वेळीं बांकावर मी होतों.

चार दिवसांनीं पुस्तक पुन्हां उघडलें, तेव्हां एक गंमत ध्यानांत आली. मुलगी या अर्थाच्या त्या जर्मन शब्दाला लहानपणा दाखविणारा एक प्रत्यय लागलेला आहे, आणि तो प्रत्यय लागला कीं शब्द नपुंसकलिंगी होतो. मग मला आपलीं वासरूं, कोंकरूं, पिल्लूं, पांखरूं हीं आठवलीं. आपणहि लहान जीवाला 'तें' म्हणतोंच कीं! साऱ्या जन्मांत हजारों वेळां उच्चारलेल्या या शब्दांमागें अशी कांहीं रीत असावी, हें मला जर्मन शिकतांना प्रथम दिसलें. परकी भाषा शिकण्याचा खरा आनंद मला येथें सांपडला. शेजारच्या गांवीं जावें आणि टेकडीवरून आपलेंच गांव प्रथम पूर्ण दिसावें, तसें हें झालें.

मग सहजच मनांत आलें, आपल्या मराठीकडे असें टेकडीवरून ज्यांनीं पाहिलें, तीं माणसें कोण होतीं? या प्रश्नानें मला इतिहासाकडे नेलें.

त्यांतला पहिला मोठा विद्यार्थी म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. हा जन्मानें इंग्रज, पंथानें जेझुइट. १५७९ सालीं लिस्बन येथें गलबतावर चढून त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तो गोव्यास उतरला, आणि १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंत चाळीस वर्षें तेथेंच राहिला. त्यांतील बहुतेक काळ त्यानें साष्टी प्रांतांत काढला. त्याच्यापुढें ना छापील कोश होता, ना छापील व्याकरण; कानावर पडेल तें टिपावें आणि लोकांना विचारावें, एवढाच मार्ग. तरी चार वर्षें होतात न होतात तोंच, १५८३ सालीं आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रांत त्यानें एक विलक्षण गोष्ट नमूद केली. या देशांतील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन या भाषांशीं नातें सांगणारी आहे, असें त्याला दिसून आलें होतें.

या एका वाक्याचें महत्त्व श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच मुळांतून निघाल्या असाव्यात, हा विचार सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास मांडला तो १७८६ सालीं. म्हणजे या पत्रानंतर दोनशें वर्षांनीं. आणि याचा पुरावा आपल्या घरांतील भिंतीवरच टांगलेला असतो. सेप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर हे महिने पाहा. लॅटिन भाषेंत सेप्तेम म्हणजे सात, ओक्तो म्हणजे आठ, नोवेम म्हणजे नऊ, देकेम म्हणजे दहा. रोमन लोकांचें जुनें वर्ष मार्चापासून सुरू होई, म्हणून हे सातवे, आठवे, नववे आणि दहावे महिने. सप्त, अष्ट, नव, दश हे आपले आंकडे दरसाल दिनदर्शिकेवर येऊन बसतात, आणि आपण त्यांना परके समजतों!

स्टीफन्सनें ओंवीछंदांत रचलेलें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. सुमारें ११,००० ओंव्यांचा हा ग्रंथ. त्या वेळीं तेथें नागरी खिळे नव्हते, म्हणून मराठी ओंवी रोमन लिपीचा वेष घेऊन बाहेर पडली. या ग्रंथांत त्यानें मराठीचें मनःपूर्वक कौतुक केलें आहे, आणि तें आपण अभिमानानें उद्धृतहि करतों. पण मला त्याहून एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. याच मनुष्यानें कोंकणीचें व्याकरण रचलें, व तें त्याच्यामागून १६४० सालीं छापलें गेलें. ओंवी मराठींत आणि व्याकरण कोंकणीचें! दोन भाषा शेजारीशेजारी बसवून, कोणती कोठें शोभते हें त्यानें पारखलें होतें. एकनाथमहाराजांचा हा समकालीन इंग्रज ओंवीच्या चालींत इतका रमला कीं, त्याचें लेखन परक्याचें आहे हें वाचणारा क्षणभर विसरतो.

दुसरा विद्यार्थी विल्यम कॅरे. हा तर जोडे शिवणारा. इंग्लंडांतील एका खेड्यांत जन्मलेल्या या मनुष्यानें कातडें आणि आरी यांच्या शेजारीं पुस्तक ठेवून लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू यांचा अभ्यास केला. १७९३ सालीं तो बंगाल्यांत आला. पुढें कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना तो बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवूं लागला. महाराष्ट्रापासून शेंकडों कोस दूर बसून त्यानें मराठी आत्मसात् केली, ती नागपूरकडील वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें. १८०५ सालीं त्याचें मराठीचें व्याकरण प्रसिद्ध झालें, आणि १८१० सालीं मराठी-इंग्रजी कोश. तोहि मोडी लिपींत. त्यापूर्वीं १७७८ सालीं रोम येथें पोर्तुगीज भाषेंत मराठीचें एक व्याकरण छापलें गेलें होतें. पण शिकणाऱ्यांच्या हातीं पद्धतशीर साधनें दिलीं तीं कॅरेनें.

१८१२ सालीं श्रीरामपूरच्या त्याच्या छापखान्यास आग लागली. खिळे वितळले, कागद जळला, आणि अनेक भाषांचा जो महाकोश तो तयार करीत होता त्याच्या हस्तलिखिताची राख झाली. कॅरे पुन्हां पहिल्या पानापासून कामाला लागला. आपल्या अंगीं विशेष बुद्धि नाहीं, नेटानें रेटीत राहणें मात्र आपल्याला जमतें, अशा अर्थाचें तो आपल्या पुतण्याजवळ बोलला होता. परकी भाषा शिकूं इच्छिणाऱ्या प्रत्येकानें हें भिंतीवर लिहून ठेवावें.

तिसरा विद्यार्थी आपल्या अधिक परिचयाचा आहे. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा कंपनीच्या मुंबई फौजेंतील अधिकारी. तलवार बाजूला ठेवून यानें शब्द गोळा करण्यांत आयुष्य वेंचलें. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ त्याचे साहाय्यक, आणि भोंवतीं शास्त्रीमंडळींचा ताफा. १८३१ सालीं त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ति निघाली. १८५७ सालीं दुसरी निघाली, तिच्यांत सुमारें ६०,००० शब्द होते. आपल्या लोकांनीं त्याला 'मोलेसरशास्त्री' म्हणून आपल्यांत ओढून घेतलें. १९७५ सालीं पुण्यास या कोशाचें पुनर्मुद्रण झालें, यावरून त्याची योग्यता कळेल.

हा कोश चाळणें ही एक मौज आहे. शब्द संस्कृतांतून आला कीं फारसींतून कीं अरबींतून, हें त्याच्यापुढें टिपलेलें असतें. कोंकणांतला असेल तर तशी नोंद असते. म्हणी जागोजाग असतात. परंतु मला सर्वांत नवल वाटतें तें आपल्या ध्वनिवाचक शब्दांचें. पाणी खळखळ वाहतें आणि झुळझुळहि वाहतें; पान सळसळतें आणि पैंजण छुमछुमतें. आपण हे शब्द आईच्या मांडीवर ऐकतों, म्हणून त्यांचा विचार करीत नाहीं. मोल्सवर्थला मात्र प्रत्येक वेळीं विचारावें लागलें असेल कीं, हा कशाचा आवाज? ओढ्याचा कीं नदीचा? सौम्य कीं मोठा? शास्त्रीबोवांनाहि त्या प्रश्नापूर्वीं त्याचा विचार करण्याचें कारण पडलें नसेल. परक्यानें विचारलें, म्हणून घरच्याला कळलें. या शास्त्रीमंडळींनींहि १८२९ सालीं 'महाराष्ट्र भाषेचा कोश' प्रसिद्ध केला, आणि १८३६ सालीं दादोबा पांडुरंग यांचें मराठी व्याकरण निघालें. म्हणजे परक्यांनीं प्रश्न विचारण्यास सुरुवात केल्यावर अवघ्या एका पिढींत घरच्या माणसांनीं आपल्या भाषेचा कारभार आपल्या हातीं घेतला.

थॉमस कँडीविषयीं एक गोष्ट सांगतों. मराठींत आपण आज स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह हीं सहज घालतों. पण मोडींतला मजकूर लेखणी न उचलतां सलग धांवे. १८५० सालीं कँडीनें विरामचिन्हांविषयीं एक लहानसें पुस्तक लिहून हीं चिन्हें मराठींत रुळविण्यास मोठा हातभार लाविला. शालेय पुस्तकांवरून त्याचा हात फिरला आणि त्यांतील भाषेला इंग्रजी वळण लागलें, अशी टीका पुढें झाली. ती अगदींच निराधार नव्हे. शिकणारा जेव्हां शिकविणाऱ्याच्या खुर्चीवर बसतो, तेव्हां असा धोका असतोच. तथापि माझ्या शेंकडों विद्यार्थ्यांनीं स्वल्पविरामाच्या चुका केल्या आणि मीं त्यांचे गुण कापले, त्याचा मूळ पुरुष हा साहेब होता, याची आठवण होऊन मला हंसूं येतें.

आतां, या लोकांना मराठींत नेमकें काय अवघड गेलें असेल, याचा थोडा विचार करूं. कारण तेथेंच आपल्या भाषेचे अलंकार लपलेले आहेत. 'जग' हा शब्द लिहिला तर तो एकच दिसतो. पण सारें जग म्हणतांना ज तालव्य, आणि 'तूं शंभर वर्षें जग' असें म्हणतांना ज दंत्याकडे झुकलेला. लिहिण्यांत भेद नाहीं, बोलण्यांत आहे. 'मला पाणी पाहिजे' या वाक्यांत ज्याला तहान लागली तो कर्ताच नव्हे. पाणी प्रथमेंत आणि आपण चतुर्थींत! 'मीं आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, फळ खाल्लें' यांत खाणारा एकच, पण क्रियापद त्याला ओळखही देत नाहीं. तें खाद्यवस्तूच्या मागें धांवतें.

आणि सर्वांत सूक्ष्म भेद 'आम्ही' आणि 'आपण' यांचा. 'आम्ही जेवायला जातों' असें म्हटलें तर ऐकणारा उपाशी राहिला. 'आपण जेवायला जाऊं' असें म्हटलें तर त्याचेंहि पान मांडलें गेलें. इंग्रजाला या दोहोंसाठीं एकच शब्द. एखाद्या पाद्र्यानें प्रवचनांत 'आपण सर्व पापी आहों' याच्या जागीं 'आम्ही सर्व पापी आहों' म्हटलें, तर श्रोते निर्दोष ठरून खुशाल घरीं जातील!

येथें मला पुन्हां माझा तो विद्यार्थी आठवतो. भाकरी आणि लाडू यांत चुकणारा तो मुलगा 'आम्ही' आणि 'आपण' यांत कधींहि चुकला नाहीं. याचें कारण मला फार उशिरां कळलें. तेलुगु भाषेंत हा भेद आहेच. ऐकणाऱ्याला धरून 'मनमु', वगळून 'मेमु'. मराठीनें हा भेद दक्षिणेकडील भाषांच्या सहवासांतच उचलला असावा, असें अनेक भाषापंडितांचें मत आहे. म्हणजे ज्याला मी मराठी येत नाहीं म्हणून मारीत होतों, त्याच्या घरून माझ्या भाषेला एवढा मोलाचा अलंकार मिळाला असण्याचा संभव होता. मला हें ठाऊक असतें तर त्या दिवशीं वर्गांत मी वेगळा वागलों असतों.

श्रोत्यांपैकीं कोणी म्हणेल, 'गुरुजी, ही स्तुति पुरे. हे लोक मराठी शिकले ते तिच्या प्रेमानें नव्हे. कोणी धर्म वाढविण्यासाठीं, कोणी राज्य चालविण्यासाठीं.' हें मी नाकारीत नाहीं. स्टीफन्स आला त्याच्या आधींच साष्टींतील देवळें पाडलीं गेलीं होतीं. कॅरेच्या वर्गांत शिकले ते कंपनीचे कारभारी. मोल्सवर्थचा कोश सरकारी कामालाहि लागला. हा इतिहास झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

परंतु त्याच गोव्यांतील दुसरी एक तारीख शेजारीं ठेवून पाहावी. १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें फर्मान काढलें कीं, लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलूं लागावें. सत्ता तीच, धर्म तोच. पण एकानें चाळीस वर्षें शिष्य होऊन लोकांची भाषा उचलली, आणि दुसऱ्यानें तीन वर्षांत ती टाकून देण्याचा हुकूम सोडला. फर्मानाचें काय झालें? गोव्यांतील घरांत कोंकणी बोलली जातेच. स्टीफन्सच्या पुराणाच्या पहिल्या छापील प्रतींपैकीं आज एकहि उपलब्ध नाहीं. तरी हस्तलिखितांच्या रूपानें तें लोकांनीं जपलें, आणि त्यांवरून १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुन्हां छापलें गेलें. हेतु कोणताहि असो, दुसऱ्याची भाषा शिकण्यासाठीं मनुष्याला आधीं लहान मूल व्हावें लागतें, चुकावें लागतें, हंसून घ्यावें लागतें. जो स्वतः चुकला नाहीं, तो फर्मानें काढतो. मींहि एके काळीं वर्गांत तेंच केलें.

पोर्तुगिजांचें राज्य गेलें, पण त्यांचे शब्द आपल्या घरांत राहून गेले. सकाळीं पाव, दुपारीं बटाटा, कुलुपाला चावी, महिन्याअखेर पगार. इतकेंच काय, लिलाव आणि तुरुंग हेहि त्यांचेच. हे शब्द कोणीं हुकमानें शिकविले नाहींत. बाजारांत ते आपोआप चिकटले.

आपल्या लोकांनींहि परभाषेचा ध्यास कमी घेतला नाहीं. गोव्यांतील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्धाचा शोध घेत घर सोडून निघाले, सिंहलद्वीपास जाऊन पाली शिकले, आणि पुढें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत पाली ग्रंथांच्या संपादनास बसले. पंडिता रमाबाई उतारवयांत हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व त्यांनीं मुळावरून बायबलचें मराठी भाषांतर केलें. १९२२ सालीं त्या निवर्तल्या आणि १९२४ सालीं तें प्रसिद्ध झालें. या दोघांच्या नांवाची आठवण झाली कीं, मला माझ्या वयाची सबब सांगण्याची लाज वाटते.

श्रोतेहो, माझें जर्मन अजून बाल्यावस्थेंतच आहे. चमचा आणि कांटा यांची लिंगें मी अद्यापि अदलाबदल करतों. पण प्रत्येक चुकीबरोबर त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर मला थोडें थोडें सुचत जातें. भाकरी ही बाई आहे, हें मला कोणींहि सांगितलें नव्हतें, बाळ. मी तें ऐकत ऐकत मोठा झालों, आणि फुकट मिळालेल्या त्या धनाला स्वतःची कमाई समजत राहिलों. तुला मात्र तें एकेक शब्द वेंचून मिळवावें लागत होतें. म्हणून त्या वर्गांत मराठीचा खरा विद्यार्थी तूं होतास.

तो मुलगा आज कोठें असेल तें मला माहीत नाहीं. हे शब्द त्याच्या कानीं पडलेच, तर त्यानें आपल्या या जुन्या मास्तराला क्षमा करावी. आणि आपणांपैकीं कोणाच्या दारीं, कोणाच्या दुकानीं एखादा परप्रांतीय किंवा परदेशी मनुष्य चांचरत, अडखळत, लिंगवचनाची मोडतोड करीत मराठी बोलूं लागला, तर त्याला हंसूं नये. त्याचें वाक्य पुरें होईपर्यंत थांबावें. कदाचित् तो एखादा मोलेसरशास्त्री असेल. आणि नसला तरी तो आपल्या घरीं पाहुणा म्हणून आलेला आहे, एवढें पुरे आहे.